यात अंडं हाय, महानंदा

महानंदा,

तुला माती देऊन लोक परतले होते. तुमच्या अंगणात सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि मी भिंतीला टेकून होते. माझ्या मागं दोघी हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, "अंडं न्हाई, मटण न्हाई, नुसता पालापाचोळा खाऊन अंगात ताकद कुठून येणार?" दुसरी म्हणाली, "तसं न्हाई. आजकाल भाजीवर फवारे किती मारतेत बघा. तेच पोटात जातंय." त्यावर पहिली म्हणाली, "पर ह्या तर बिनफवाऱ्याचंच खायच्या की." 

मी उठून नळापाशी जाऊन उभी राहिले. त्यांचा राग नव्हता आला मला. तुझ्या मरणाचं कारण त्या तुझ्या ताटात शोधत होत्या आणि ते त्यांना सापडलं नव्हतं. तूही ते तिथंच शोधलं होतंस. मलाही विचारलं होतंस.

तुझ्याविषयी काही आठवायचं म्हटलं की मला जेवणापासूनच सुरुवात करावी लागते. आपली ओळखच डब्यावर झाली. मी त्या शाळेत बदलून आले तेव्हा तू तिथं आधीपासून होतीस. देवणीच्या रस्त्यावरचं गाव, आपण दोघी उदगीरहून एस.टी.नं जायचो, उतरून थोडं चालायचो. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत तू माझ्याजवळ येऊन बसलीस, माझ्या डब्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "त्यात काय हाय?"

"खिमा," मी म्हणाले आणि झाकण परत लावायला लागले.

"झाकतीस कामून? तू माझ्यातलं घे. मी तुझ्यातलं घेणार न्हाई. चालंल?"

इतकं सरळ मला कुणी बोललं नव्हतं. आधीच्या शाळेत मी डबा पुढं केला की बाया गोड हसून "आज उपवास हाय" म्हणायच्या. सोमवार असो की शुक्रवार, माझ्यापुरता त्यांचा उपवासच असायचा. तू उपवासाचं नाव घेतलं नाहीस. तू लिंगायत, गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणारी. तुझ्या डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीचं घट्ट वरण होतं. त्या दिवशी मी दोन डब्यांतलं खाल्लं. तुझ्या आणि माझ्या.

पुढं तू आमच्या घरी यायला लागलीस, तेव्हाही तुझं तेच. माझी अम्मी होती तेव्हा. तिनं तुझ्यासाठी शेवया केल्या, तर तू तिच्या तोंडावर विचारलंस, "भांडं कोणतं हाय, अम्मी?" मला लाज वाटली. अम्मी म्हणाली, "नवीन आहे बेटा, तुझ्यासाठीच काढलं." तर तू म्हणालीस, "नवं कामून काढलं? घासलेलं चाललं असतं की. मी नुसतं विचारलं." तू गेल्यावर अम्मी म्हणाली होती, "ही पोरगी चांगली. हिला पोटात एक अन् ओठात एक जमत नाही."

आपलं पहिलं मोठं भांडण झालं तेही वासावरून. शाळेतले एक गुरुजी, नाव कशाला घेऊ, सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमच्या डब्याचा वास वर्गापर्यंत येतो. लेकरं बघतेत. घरी काय खायचं ते खावा."  मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली बघून भाकरीचा तुकडा मोडत होतीस. एक शब्द बोलली नाहीस.

परत येताना एस.टी.त मी तुझ्याशी बोलले नाही. मग राहवलं नाही. म्हणाले, "तू कामून गप्प बसलीस? एवढी वर्षं शेजारी बसून जेवतीस. एवढंबी म्हणता आलं न्हाई, की मला वास येत न्हाई?"

तू म्हणालीस, "येतो की."

"काय?"

"वास येतो, शकीला. मला पहिल्यापासून येतो. मळमळतंबी कधी कधी. खोटं कसं बोलू मी?"

मी खिडकीकडं तोंड फिरवलं.  तू माझा पदर ओढून म्हणालीस, "वास येतो म्हून मी कधी उठून गेले का, ते सांग."

तू कधीच उठून गेली नव्हतीस, हे खरं होतं. पण त्या दिवशी मला ते पुरेसं वाटलं नाही. तू बोलायला हवं होतंस असं मला आजही वाटतं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गोश्त नेणं बंद केलं. तू दोन-तीनदा विचारलंस, "आज खिमा न्हाई का?" मी म्हणायचे, "कंटाळा आला." तू बघत राहायचीस. हे भांडण आपण पुन्हा काढलं नाही, आणि मिटवलंही नाही.

पण येळवसेला, वेळा अमावस्येला, तुमच्या शेतात जो मान तू मला दिलास, तो मी विसरू शकत नाही. अवसेच्या दिवशी कडब्याच्या खोपीत पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. तुमची सगळी भावकी बसलेली आणि तू मला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवायचीस. तुझ्या हातची भज्जी मी दुसरीकडं कुठंच खाल्ली नाही. हरभऱ्याचा पाला, तुरीचे हिरवे दाणे, वाल, चिंच, सगळं एकत्र शिजलेलं. मी तिसऱ्यांदा मागितली की अप्पा हसून म्हणायचे, "शकीलाताई, आमच्या हिनं तुम्हाला बाटवलं बघा."

अप्पा, तुझा नवरा. कमी बोलणारा, शेतात राबणारा माणूस. त्यांच्याशी तुझं भांडण फवाऱ्यावरून. ते सोयाबीनवर, तुरीवर, भाजीवर, सगळीकडं फवारायचे. तू एकदा पाठीवरचा पंप उतरवून घेतलास आणि म्हणालीस, विहिरीजवळचा तुकडा माझा, तिथं औषधाचा थेंब पडला तर मी घरात चूल पेटवणार नाही. अप्पा म्हणाले, "अळी काय तुला विचारून येती का?" तू म्हणालीस, "येऊ दे. ती खाईल तेवढं खाईल, उरलं ते आपलं."

मग त्या तुकड्यातली वांगी, मेथी, अंबाडी पिशवी भरून माझ्याकडं यायला लागली. वाकडी, भोकं पडलेली वांगी. माझी सून पिशवी बघून नाक मुरडायची. तू मात्र मोठ्या गर्वानं सांगायचीस, "अळीनं खाल्लं म्हंजे माल चांगला हाय. विष असतं तर तिनं तोंड लावलं असतं का?" एकदा मी वांगं चिरलं, आत जिवंत अळी. ते तसंच तुझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "महानंदा, तू शाकाहारी कुठं राहिलीस? हे बघ. आमच्यापेक्षा ताजं खातीस तू."

तुझा चेहरा उतरला. मला वाटलं जास्त झालं. आणि मग तू जी हसायला लागलीस, ती पोट धरून खालीच बसलीस. पुढं कित्येक दिवस तू वांगं शिजवायच्या आधी चार फाका करून उजेडात धरून बघायचीस. सुवर्णा, तुझी लेक, मला फोन करून सांगायची, "मावशी, तुम्ही काय सांगितलं आईला? भाजीला दुपार होऊन राहिली आमच्याकडं."

मग शाळेत अंडी आली.

पोरांना खिचडीबरोबर आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्यायचं, जे खात नाहीत त्यांना केळी. खिचडी शिजवणाऱ्या गयाबाईच्या गळ्यात माळ. तिनं हात जोडले, "मी हात लावणार न्हाई. माझं काम काढून घ्या, पर हे सांगू नका." हेडमास्तरांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडंच बघणार, दुसरं कुणाकडं? मी हो म्हणणार, तेवढ्यात तू म्हणालीस, "आहाराचं काम माझ्याकडं हाय. मी उकडते."

सगळे तुझ्याकडं बघत राहिले. तू मला शेडमध्ये घेऊन गेलीस, भगोलं गॅसवर ठेवलंस आणि कानात विचारलंस, "किती वेळ ठिवायचं असतं? आन् शिजलं हे कळतं कसं? वरून तर तसंच दिसतंय."

पन्नाशी उलटलेली बाई मला अंडं कसं उकडायचं ते विचारत होती. मी हसले, तू रागावलीस. मी तुला दाखवलं. पाण्यात मीठ टाकायचं, उकळी आल्यावर थोडं थांबायचं, मग गार पाण्यात सोडायचं. तू पहिलं अंडं हातात घेतलंस तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते.

पहिलीतल्या पोरांना सोलता येईना. कवचासकट चावायची. तू खाली बसकण मारलीस आणि एकेकाला सोलून द्यायला लागलीस. एक लहानगी अंडं हातात धरून म्हणाली, "बाई, तुमी खाऊन बघा की." तू म्हणालीस, "मी न्हाई खात. तू खा, मी बघते." आणि खरंच बघत बसलीस, तिचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत.

आठवडाभरात तुमच्यातलेच चार-पाच जण शाळेत आले. त्यातला एक जण तुझा चुलतदीर. म्हणाला, "वहिनी, गळ्यात लिंग घालता आन् अंडी सोलता?" मी दारात उभी होते. मला वाटलं आता तू खाली बघशील. तू नाही बघितलंस.

"सोलते," तू म्हणालीस. "खात न्हाई. माझा नेम माझ्या तोंडापुरता, भावजी. लेकराच्या ताटात हात घालायला मी कोण? तुमच्या पोराला नगं असंल तर ही केळी हाईत. बघा, चांगली पिकलेली आणलीत."

ते निघून गेले.  माझ्या मनातलं ते जुनं भांडण त्या दिवशी अर्धंअधिक सुटलं. हे मी तुला सांगायला हवं होतं. सांगू सांगू म्हणत राहून गेलं.

परतताना एस.टी.त तू बोटं नाकाशी नेऊन बघायचीस. साबण लावला, लिंबू चोळलं, राख घासली तरी वास जात नाही म्हणायचीस. घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय ठेवायची नाहीस. मी म्हणाले, "मी सोलत जाते, तू कामून हाल करून घेतीस?" तू म्हणालीस, "नगं. पोरं माझ्यापाशी येतेत आता." पुढं अंडी येणं थांबलं. ज्या दिवशी थांबलं त्या दिवशी सुटका झाली म्हणून हसशील असं मला वाटलं होतं. तू दिवसभर चिडचिडी होतीस.

त्यानंतर तुझा गिळायचा त्रास सुरू झाला. भाकरी अडकते म्हणायचीस. आपण पित्त म्हणालो. तू भाकरी दुधात कुस्करायला लागलीस, मग नुसतं दूध, मग तेही वर यायला लागलं. लातूरला नेलं. अन्ननलिकेत गाठ निघाली, खाली पोटापर्यंत गेलेली.

मी पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा तू पलंगावर मांडी घालून बसली होतीस. नाकात नळी नव्हती, केस अजून होते. मला वाटलं धीर द्यावा. त्याआधीच तू विचारलंस, "शकीला, मी कामून गं?"

मी पलंगाच्या कडेला बसले.

"सांग की. मी काय वाईट खाल्लं? मास न्हाई, अंडं न्हाई, च्या सुद्धा एकच कप. भाजीला फवारा लागू दिला न्हाई. अप्पांशी भांडले त्याच्यासाठी. गूळसुद्धा बिनपावडरचा आणायची. मग मला कामून झालं?"

मी तुझा हात धरला आणि म्हणाले, "तू काहीच वाईट खाल्लं न्हाईस." तू म्हणालीस, "मग?" त्या 'मग'पाशी मी आजही अडकलेली आहे. खाण्यात पाप-पुण्य असतं असं मी कधी मानलं नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, असतं तर बरं झालं असतं. निदान तुला तरी हे झालं नसतं.

औषधं सुरू झाली आणि तू वाळत गेलीस. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद राहिली तरच पुढचं औषध देता येईल. डब्यातली पावडर दिली, ती उलटून पडायची. पनीर कुस्करून दिलं, डाळीचं पाणी दिलं. पोटात काही ठरेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पातळ करून अंडं देऊन बघा. चिकनचं पाणी द्या. ते राहील कदाचित." तू मान हलवलीस. नाही.

तेव्हा आपण भांडलो. दवाखान्यात, सगळ्या वॉर्डासमोर. मी म्हणाले, "लेकरांना स्वतःच्या हातानं सोलून दिलीस. तुझ्या जिवाची किंमत त्या लेकरांएवढीबी न्हाई का?"

"ती उपाशी होती."

"आन् तू? तू काय जेवून बसलीस?"

"मी जन्मभर पाळलं, शकीला. आता भ्याले म्हून सोडलं, तर पाळत काय होते मी एवढी वर्षं?"

"जीव राहिला तर पाळशील ना पुढं. आमच्यात तर जीव वाचवायला सगळं माफ हाय. तुझा देव एवढा कडक हाय का?"

"देवाचं नाव कशाला घेतीस? तो काही म्हणत न्हाई. मीच म्हणते."

मी तणतणत बाहेर गेले. तू मागून हाक मारलीस, "डबा राहिला तुझा."

त्यानंतर अप्पा लातूरहून उदगीरला आमच्या घरी आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते त्यांच्या. म्हणाले, "ती माझं ऐकत न्हाई. पोरीचंबी न्हाई. तुमच्या हातचं घेती. मुगाच्या कढणात एक अंडं फेटून घाला. गाळून घ्या, कळणार न्हाई. तिला सांगू नका."

"अप्पा, हे..."

"पाप लागलं तर मला लागू द्या. मी भोगतो. ती राहू दे."

बोलता बोलता ते रडायला लागले. असा रडणारा पुरुष मी आयुष्यात बघितला नव्हता. मी हो म्हणाले. सकाळी मूग शिजवले, अंडं फेटलं, धार धरून सोडलं, फडक्यातून दोनदा गाळलं, वर जिरं आणि मिरं. चव घेतली. खरंच कळत नव्हतं. डबा मांडीवर घेऊन लातूरच्या गाडीत बसले. वाटभर मी स्वतःला समजावत होते, की हे औषध आहे.

तू उशीला टेकून होतीस. डोक्याला रुमाल. मला बघून हसलीस, भांडणाचं काही मनात ठेवलं नव्हतंस. मी वाटीत कढण ओतलं. सुवर्णा बाहेर गेली, अप्पा व्हरांड्यात थांबले. मी चमचा भरला आणि तू तोंड उघडलंस.

तू विचारलंच नाहीस, महानंदा. माझा प्रत्येक डबा, अम्मीचं भांडं, ईदच्या शिरखुर्म्याची वाटी, सगळ्याला आधी विचारणारी तू. त्या दिवशी काही न विचारता, लहान लेकरासारखं नुसतं तोंड उघडलंस. चमचा तुझ्या ओठांना लागला होता.

मी म्हणाले, "यात अंडं हाय, महानंदा."

तू तोंड मिटलंस. माझ्याकडं बघितलंस.

"अप्पांनी सांगितलं?"

"हाव."

"मग तू कामून बोललीस?"

"तू विचारलं न्हाईस म्हून."

तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. त्या हाताला वजनच नव्हतं. मला वाटलं रागावशील, रडशील. तू म्हणालीस, "ते फेकू नको. एवढं केलंस. तू खा, मी बघते."

आणि मी खाल्लं. तुझ्या पलंगावर बसून, तुझ्यासाठी केलेलं, ती सगळी वाटी. चमच्यावर चमचा घेत होते. तू म्हणालीस, "सावकाश." शेवटचा चमचा संपेपर्यंत तू बघत होतीस. मग डोळे मिटून पडून राहिलीस.

मी बाहेर आले. अप्पांनी हातातली रिकामी वाटी बघितली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "खाल्लं?"

तो चेहरा मला विसरता येत नाही. मी म्हणाले, "मी खाल्लं."

त्यांना कळायला वेळ लागला. मग ते बाकावर बसले. "तुम्ही सांगितलं तिला."

"हाव, अप्पा."

"ती राहिली असती, शकीलाताई," ते म्हणाले, आणि त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत.

राहिली असतीस का तू? मी डॉक्टरांना विचारायला गेले होते. ते म्हणाले, आजार फार पसरला होता, थोडा वेळ मिळाला असता किंवा नसताही. थोडा म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. थोड्यात एक येळवस आली असती का, एवढंच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

औषध थांबवून तुला घरी आणलं. शेवटी भेटले तेव्हा तुझा आवाज अगदी खाली गेला होता. मी तुझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आपलं भांडण राहिलंच बघ. मला अजून तुझं पटलेलं न्हाई."

तू म्हणालीस, "राहू दे तसंच. मिटलं तर तू येणार न्हाईस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णाचा फोन आला.

तुमच्यातही माती देतात, आमच्यातही. तुला बसवून नेलं, फुलांत, कपाळाला विभूती. मी कडेला उभी होते. कुणीतरी म्हणालं, ताई, तुम्हीही टाका. मी मूठभर माती टाकली. मग घरी जाऊन पिठलं-भाकरी करून आणली, कडू घास म्हणून. कुणाच्या हातची, असं गावाकडच्या एका म्हातारीनं विचारलं. सुवर्णानं उत्तर दिलं नाही, भाकरी मोडली आणि पहिला घास तोंडात घातला. अप्पांनी ताटाला हात लावला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

लोकांना वाटतं, मी तुझ्या आठवणीत काही सोडेन. सूनसुद्धा मला विचारून गेली, अम्मी, आता गोश्त बंद करणार का? मी नाही सोडलं. शुक्रवारी मुलानं मटण आणलं, मी शिजवलं आणि खाल्लं. तू असतीस तर या घरात नाकाला पदर लावला असतास, पण बसली असतीस. मला गोश्ताचा नाही, त्या पदराचा उमाळा आला आणि ताटावरून उठावं लागलं.

परवा सुवर्णाचा फोन आला होता. "मावशी, अप्पा दोन घासांवर उठतेत. कुणाचं ऐकत न्हाईत. असंच चाललं तर..."  मी काय करणार? माझ्याशी तर ते बोलतच नव्हते.

आणि काल दुपारी ते स्वतः आले. या वेळी दारात थांबले नाहीत. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी पाणी दिलं. प्यायले. 

"तुम्ही सांगितलं नसतं, तर ती राहिली असती का?" त्यांनी विचारलं. या वेळी रागानं नाही.

"म्हाईत न्हाई, अप्पा. मी रोज तेच विचारते स्वतःला."

"मीबी."

मग ते जमिनीकडं बघत म्हणाले, "तुमच्याकडं यायच्या आधी मी एकदा करून बघितलं होतं. तिथंच, लातूरला, खोलीवर. कढण केलं, अंडं घातलं. वाटी घेऊन तिच्यापाशी गेलो. तिनं तोंड उघडलं. माझा हातच उचलला न्हाई. सांडलं म्हून सांगितलं आन् मोरीत ओतलं. मग तुमच्याकडं आलो. वाटलं, तुम्हाला जमंल."

 आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो. तुझ्यावर जीव असलेली दोन माणसं, आणि दोघांनाही तुला फसवता आलं नव्हतं.

घरात खिचडी आणि चिंचेचा खट्टा केलेला होता. मी विचारलं, "वाढू का थोडी?" त्यांनी मान हलवली. मी ताट आणलं, खट्टा वाटीत दिला. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले. मला वाटलं आता उठतील. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसत नव्हते, हात थांबत नव्हता. ताट संपलं तेव्हा मी पातेलं घेऊन पुढं झाले. अप्पांनी नको म्हटलं नाही, महानंदा. ताट पुढं केलं.